मुक्या फितीवरचा घाव

आमच्या घरात कुकर लावायचा तर आधी बाबांची परवानगी लागे. इतर घरांत बाप झोपला असला की पोरं दबकून चालतात, आमच्याकडे बाबा जागे असले की दबकून चालायचं. बाबा डॉक्युमेंटरी फिल्म्सना आवाज लावायचे. मागून भारदस्त सुरात कुणी बोलत असतं तो आवाज नव्हे. तो माणूस वेगळा आणि त्याचा मानही वेगळा. बाबांचे आवाज म्हणजे वाळवंटातून उंट चालला की वाळूचा, हरणाने मान खाली घातली की गवताचा, कारखान्यात यंत्राच्या हाताने पत्रा उचलला की पत्र्याचा. जंगलात कॅमेरा लांबून चित्र घेतो. तेवढ्या लांबून माइकला काय डोंबल ऐकू येणार? म्हणून ते सगळे प्राणी आणि ती सगळी यंत्रं लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरात, मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या उभ्या लावून बोलती केली जायची. क्वार्टर आईच्या नावावर होतं. ती एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. शेजारपाजारचे ‘साहब क्या करते हैं’ असं विचारायचे तेव्हा ती ‘फिल्म लाइन में हैं’ म्हणून पटकन विषय बदलायची, कारण खरं सांगायचं तर नवरा घरात बसून मुळे मोडतो असं सांगावं लागलं असतं.

हो, मुळेच. थंडीत भाजीमंडीत जो जाड पांढरा मुळा येतो, तो ओल्या फडक्यात धरून मोडला की हाड मोडतं. वाळक्या पानांवरून वाघ चालवायचा तर परातीत पातळ पोहे. गारा म्हणजे स्टीलच्या ताटात साबुदाणा. वणवा म्हणजे चुरगाळलेला सेलोफेन आणि त्याच्या जोडीला मोहरीची फोडणी. ती फोडणी वाया जाऊ नये म्हणून रेकॉर्डिंग संपलं की आमटीत पडायची. आई म्हणायची, या घरात जंगल पेटल्याशिवाय जेवण होत नाही. सारस उडवायचा असला की तिची जुनी कोटा साडी मी दोन हातांत धरून झटकायची. माझा हात हलका आहे असं बाबांचं मत होतं, म्हणून नववीपासून मी त्यांची असिस्टंट झाले. समोरच्या टीव्हीवर मुकी फिल्म चालायची आणि नेमक्या क्षणी मी पोहे दाबायचे. शाळेत माझं इतकं लक्ष असतं तर आज मी कुठच्या कुठे असते.

हे खोटं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. चित्र खरं, आवाज आपला, हा त्या कामातला रिवाजच होता, आणि जगभर तसंच चालायचं. उलट बाबा त्या बाबतीत अगदी सोवळे होते. मोर पळताना त्याच्या पायांचा आवाज कसा येतो ते ऐकायला ते पहाटे हिंदूराव हॉस्पिटलच्या मागे रिजच्या जंगलात जाऊन बसायचे आणि आल्यावर मला सांगायचे, आपण केलेला जरा जड होता, पुन्हा करू. आज मी गाझियाबादला एका टॉवरमध्ये राहते. सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी बिबट्या लिफ्टमध्ये शिरल्याचा व्हिडिओ टाकतं, आणि माझा मुलगा म्हणतो की त्यातला बिबट्याही कंप्यूटरने केलेला असतो आणि लिफ्टसुद्धा. मी आधी आवाज बंद करून बघते. त्याला वाटतं आईच्या कानाला त्रास होतो. वाटू दे.

कपिल अंकल नावाचे एक दिग्दर्शक बाबांचे मित्र होते. उंच, गबाळे, दाढीत बिस्किटाचा चुरा घेऊन फिरणारे, पण कामाला वेडे. त्यांनी गुडगावपलीकडच्या डोंगरावर फिल्म करायला घेतली होती. डोंगर फोडणारी मशिनं, खाली उभ्या राहणाऱ्या नव्या कॉलन्या, आणि त्या दोन्हींच्या मधे सापडलेले बिबटे. सगळं शूटिंग होत आलं होतं आणि एका सकाळी एका गावात खरोखरच बिबट्या शिरला. अंकल कॅमेरा घेऊन धावले. गल्लीत माणसांची अशी झुंबड की त्यांच्या माइकची वायर कुणाच्या तरी पायात अडकून उपटली गेली. चित्र आलं, आवाज काहीच आला नाही.

ती मुकी फीत मी इतक्यांदा पाहिली आहे की आत्ताही डोळे मिटून सांगेन. भिंतीच्या कोपऱ्यात बिबट्या दबलेला. पुढे माणसांच्या पाठी. मरून रंगाचा स्वेटर घातलेला एक माणूस डाव्या पायाची टाच उचलतो, लाठी वर जाते, खाली येते, आणि नेमकं त्याच वेळी कुणाचं तरी डोकं मधे येतं आणि धूळ उडते. मग दृश्य हलतं, गर्दी पुढे घुसते, आणि पुन्हा दिसतं तेव्हा बिबट्या आडवा पडलेला असतो. बस, एवढंच. अंकल म्हणाले, इथे घाव ऐकू आला पाहिजे, बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. बाबांनी नारळ करून पाहिला, तो कोरडा निघाला. उशी केली, ती पोकळ. शेवटी लाल भोपळा ओल्या टॉवेलात गुंडाळून त्यावर बाबांनी काठी घातली, माइक माझ्या हातात होता, आणि अंकल खुर्चीतून उठलेच. ‘बस, यही,’ एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन सिगरेट ओढत राहिले. आईने त्या भोपळ्याचे घारगे केले. अंकलनी सुद्धा खाल्ले.

फिल्म टीव्हीवर लागली आणि खूप गाजली. समोरच्या ब्लॉकमधल्या आंटी येऊन रडून गेल्या, त्या लाठीच्या आवाजानंतर मला जेवण गेलं नाही म्हणाल्या, आणि बाबा नम्रपणे मान हलवत होते खरे, पण कान लाल झाले होते. त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही संध्याकाळी जेवायला बसलो होतो आणि बातम्या चालू होत्या. मरून स्वेटरवाल्याला अटक झाली होती. नाव सतबीर, त्याच गावात म्हशी पाळणारा. जामीन नाकारला, बिबट्या मारल्याबद्दल काही वर्षांची कैद होऊ शकते, असं सांगून त्या बातमीदाराने फिल्मचा तो तुकडा लावला आणि म्हणाला, ‘सुनिए, लाठी सीधे सिर पर पड़ी है.’ मग पुन्हा लावला. मग आणखी एकदा, सावकाश.

मी म्हणाले, ‘बाबा, हा तर आपला भोपळा आहे.’

आईने उठून टीव्ही बंद केला आणि भात वाढायला लागली, कुणी मागितला नव्हता तरी. बाबांनी तो कालवला, आणि तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंकल आले. मला वाटलं होतं तेही घाबरले असतील, पण ते समजवायला आले होते. त्यांचं म्हणणं असं, की पोलिसांनी फिल्म मागितली तेव्हा त्यांनी तयार झालेली फिल्म दिली, त्यात लपवाछपवी काय आहे? रिवाजच आहे. पण आता उठून आवाज खोटा होता असं सांगितलं, तर उद्या डोंगर फोडणारे म्हणतील की अख्खी फिल्मच खोटी आहे, मशिनं खोटी, बिबटे खोटे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या डोंगराबद्दल लोक बोलायला लागलेत. आणि जनावर तर मेलंच आहे ना? कुणीतरी मारलंच ना? हे सगळं ते इतक्या कळवळून बोलत होते की मलाही क्षणभर पटलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘कपिल, तू वहाँ था. तूने देखा, लाठी लगी?’

‘यार, मैं तो कैमरे में देख रहा था, धूल थी,’ अंकल म्हणाले. मग अगदी खरेपणाने म्हणाले, ‘लेकिन आवाज़ लगने के बाद तो साफ़ दिखता है.’

त्यानंतरचे दिवस मला नको नको होतात आठवायला. बाबांनी मागच्या खोलीला कडी घातली. घरात आता कुकर कधीही लावता येत होता, शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या, आणि मला त्या शिट्टीचा असा संताप यायचा की काय सांगू. आई ऑफिसातून येऊन गप्प भाज्या निवडायची. तिला भीती वेगळीच होती. नवरा कोर्टात उभा राहिला, वर्तमानपत्रात नाव आलं, मंत्रालयात कुणी विचारलं, तर काय सांगायचं? डोक्यावरचं छप्पर त्या नोकरीचं होतं. बाबांची भीती मला कळत होती. फिल्मच्या धंद्यात तोंड उघडणाऱ्याला पुन्हा कोण बोलावतो? आणि तिकडे सतबीर तुरुंगात. मी सोळा वर्षांची होते, त्या वयात सगळं सोपं वाटतं. मी एकदा ताटावरच म्हणाले की उद्या त्याला शिक्षा झाली तर ती तुमच्या आवाजामुळे होईल, मग बसा कान लाल करून.

आई माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. बाबाच बोलले. हळू आवाजात म्हणाले, ‘माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला आवाज आहे गं तो.’ मला इतकी चीड आली की मी ताट सोडून उठले. आज त्या वाक्याचा राग येत नाही. आयुष्यभर कुणाला माहीत नसलेलं काम करणारा माणूस, त्याच्या कामावर देशाने विश्वास ठेवला, आणि तोच विश्वास त्याला आता स्वतः जाऊन मोडायचा होता. बिचारा.

शनिवारी आई मंडीतून आली, पिशवीतून एक लाल भोपळा काढून टेबलावर ठेवला आणि हातावरचा घाम पदराला पुसत म्हणाली, ‘साधारण तेवढाच बघून आणलाय.’ बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, ‘क्वार्टरचं बघू नंतर. मी आहे ना.’ आणि आत जाऊन चहा ठेवला. बाबांनी मागच्या खोलीची कडी काढली.

सतबीरचा वकील एक नवखा, हडकुळा मुलगा होता. बाबा सांगत होते ते त्याला आधी कळेचना, आणि कळलं तेव्हा त्याने खुर्चीच पुढे ओढली. पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. सरकारी वकील म्हणणार, गाववाल्यांनी पढवलेला साक्षीदार. करून दाखवावं लागणार होतं, आणि बाबा तर साक्षीला उभे असणार. म्हणजे घाव मलाच घालावा लागणार होता. मी आजवर पोहे दाबले होते, साडी झटकली होती. काठी कधी बाबांनी माझ्या हातात दिली नव्हती. मूळ मुकी फीत अंकलकडे होती; आमच्याकडे तयार फिल्मची कॅसेट तेवढी होती, ती आवाज बंद करून लावायची आणि मी मारायचं. उशिरा पडला की लटका वाटायचा, लवकर पडला की हसू यायचं. सतबीरची टाच उचलली की तयार राहायचं, हे मला शेवटी सापडलं. त्या माणसाची टाच मी त्याच्या बायकोने पाहिली नसेल इतकी पाहिली.

जामिनाच्या पुढच्या सुनावणीला कोर्टात जाताना आई रजा टाकून बरोबर आली. बसमध्ये भोपळा तिच्या मांडीवर होता. गेटवर शिपायाने पिशवी उघडून विचारलं, ये क्या है, आणि आई सरकारी आवाजात म्हणाली, सबूत है. त्याने सोडलं. आतली खोली लहान, माणसांनी गच्च, वर पंखा खडखडत होता. ट्रॉलीवर टीव्ही आणून ठेवलेला. सतबीरला मी प्रथमच नीट पाहिलं. फिल्ममध्ये दांडगा वाटायचा, प्रत्यक्षात बारका होता, पाठीत वाकलेला, आणि पंख्याखालीही अंगात तोच मरून स्वेटर. त्याने आमच्याकडे पाहिलंच नाही. मॅजिस्ट्रेट एक मध्यमवयीन बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मागच्या बाकावर कपिल अंकल येऊन बसलेले दिसले.

बाबांनी सांगितलं, की आवाज मी केला आहे. सरकारी वकील हसले. आज अचानक आठवण झाली का, कुणाच्या सांगण्यावरून आलात, तुम्ही तिथे होता का, नव्हता ना, मग लाठी लागली नाही हे तुम्हाला कसं माहीत? बाबा म्हणाले, मला माहीतच नाही. तेच सांगायला आलोय. लागली की नाही हे त्या फितीवर नाही. बाईंनी थोडा विचार केला आणि करून दाखवायला सांगितलं.

लोखंडी कपाटामागे मला जागा दिली. भोपळा ओल्या टॉवेलात, आणि शेजारी आमच्या कुंड्यांतली माती भरलेली कापडी पिशवी. माझे तळवे इतके घामेजले होते की काठी फिरत होती. टीव्हीचा आवाज बंद केला, कॅसेट सुरू झाली, आणि कुणी तरी काळ्या कोटातला माणूस नीट दिसावं म्हणून उठून बरोबर माझ्या आणि टीव्हीच्या मधे उभा राहिला. ओरडायची सोय नव्हती. त्याच्या कोपराखालून मला टीव्हीचा खालचा कोपरा तेवढा दिसत होता. तिथे ती टाच उचलली गेली. मी काठी घातली.

खोलीतल्या बायका-माणसांच्या तोंडून एकदम ‘हाय’ असा आवाज निघाला. तो भोपळा आहे हे सांगून झालं होतं, तरी निघाला. बाबांनी शांतपणे कॅसेट मागे घ्यायला सांगितली. पुन्हा तेच चित्र, पुन्हा ती टाच, आणि या वेळी मी काठी मातीच्या पिशवीवर घातली. धप्प. कुणी हाय केलं नाही. सगळ्यांनी बघितलं की लाठी जमिनीवर पडली. मी पण बघितलं, आणि मारणारी मीच होते.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘पहली बार लगी. दूसरी बार नहीं लगी. तस्वीर वही है?’

‘जी, वही है,’ बाबा म्हणाले.

मी कपाटामागून बाहेर आले तेव्हा अंकल उठून चालले होते. पुढे त्यांनी बाबांना काम दिलं नाही, आणि इतरांनीही हळूहळू बंद केलं. बाबा नंतर एका कॉलेजात साउंड शिकवायला लागले. आईला ऑफिसात कुणी काही विचारलं नाही. डोंगर पुढे फुटायचा तो फुटलाच, त्याला आमची साक्ष लागली नाही.

सतबीरला त्या दिवशी जामीन मिळाला आणि काही महिन्यांनी तो सुटला. निकालाच्या दिवशी बाबा आणि मी गेलो होतो. बाहेर चहाच्या टपरीवर तो आपणहून आमच्याजवळ आला, दोघांना चहा दिला. मग आजूबाजूला बघून हळू म्हणाला, ‘बाबूजी, मारी तो मैंने थी. लगी नहीं, ज़मीन पे पड़ी. फिर पीछे से सब चढ़ गए.’

म्हणजे हा मारायलाच गेला होता. याच्यासाठी आम्ही घर, काम, मित्र सगळं पणाला लावलं, आणि हा मारायलाच गेला होता! मला वाटलं आता बाबा ग्लास आपटतील. बाबा त्याच्याकडे एकटक बघत होते, आणि त्यांनी काय विचारावं? विचारलं, ‘आवाज़ कैसी आई थी?’

माझं असं डोकं फिरलं. पण सतबीरला त्यात काही विचित्र वाटलं नाही. तो खरंच आठवू लागला. ‘लाठी की तो सुनी ही नहीं,’ तो म्हणाला. ‘वो इतने ज़ोर से साँस ले रहा था, बस वही सुनाई देती थी. सब चिल्ला रहे थे, फिर भी वही. फिर वो बंद हो गई.’

बाबांनी चहा तसाच ठेवला. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि धौला कुआँ येईपर्यंत बाहेर बघत राहिले. मला वाटलं, सतबीरचा विचार करतायत, किंवा अंकलचा. मग मान न वळवताच मला म्हणाले, ‘पावलं लावली आपण, गर्दी लावली, घाव लावला. ते जनावर तिथे जिवंत बसलेलं होतं, आणि त्याला श्वास लावायचं काही आपल्याला सुचलं नाही.’